दादाच्या नळ्या

मी पिस्तुलं तपासते असं सांगितलं की माणसं आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग हातांकडं. लग्न होऊन शेलूला आले तेव्हा शेजारणीनं सासूबाईंना हळूच विचारलं होतं, "सून पोलिसात हाय काय वो?" सासूबाईंनी मुद्दाम नाही म्हटलं नाही. त्या शेजारणीनं पुढं कधी आमच्या दारात कचरा लोटला नाही.

पिस्तुलं हवेची आहेत, नेमबाजीच्या खेळातली. दाबलेल्या हवेनं छर्रा सुटतो आणि समोरच्या कार्डाला भोक पडतं, एवढंच. खालापुरात एका पत्र्याच्या शेडमध्ये ती बनतात. मूठ, घोडा, हवेची टाकी, सगळं तिथंच तयार व्हायचं. नळी मात्र परदेशातून यायची, तेलकट कागदात गुंडाळलेली, नव्या नवरीसारखी. आम्ही ती हातमोजे घालून उचलायचो. मालकांना याचा फार राग यायचा. "सगळं आपलं आणि जीव तेवढा बाहेरचा," असं ते म्हणायचे. शेवटी त्यांनी नळीत आतून आटे, म्हणजे छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, पाडायचं मशीन आणलं आणि ते माझ्या दादाच्या हातात दिलं.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. या कारखान्यात मला त्यानंच चिकटवलं आणि गेज धरायलाही त्यानंच शिकवलं. गेज म्हणजे पोलादाची एक गुळगुळीत कांडी. तिचं एक टोक नळीत आपसूक गेलं पाहिजे आणि दुसरं टोक शिरता कामा नये. दुसरं शिरलं तर नळी ढिली, म्हणजे बाद. "ढकलायचं नाय, बाय," तो सांगायचा. "तिच्या वजनानं जाऊ दे. ढकललंस तर गेज तुला पायजेल तसं बोलतं." मी ते असं काही मनावर घेतलं की शेडमधले लोक मला खडूस म्हणायला लागले. म्हणेनात का. खडूस नसलेल्या बाईला तपासणीला बसवून काय करायचं?

त्या दिवसांत मी शेलूहून लोकलनं येऊन कर्जतला उतरायची, दादा कळंबहून बाईक घेऊन यायचा आणि पुढं आम्ही एकत्र जायचो. पूर्ण वाटभर तो नळीबद्दल बोलायचा. तेल कुठलं घालावं, आटे किती सावकाश पाडावेत, काल काय बिघडलं. बोलताना मान मागं वळवायचा आणि मी त्याच्या पाठीत बुक्का मारून ओरडायची, "पुढं बघ रं!" एवढ्या आनंदात मी त्याला त्याच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. मशीनच्या अंगावर त्यानं मार्करनं खुणा केल्या होत्या, कुठली चक्री कुठवर फिरवायची त्याच्या. त्यांना कुणी फडकं लावलं तर खवळायचा.

पहिली खेप तयार झाली. आटे पाडले की दादा स्वतः प्रत्येक नळी मोजायचा. मग ती लेथवर जायची, बाहेरून बारीक व्हायची, पॉलिश होऊन माझ्या टेबलावर यायची. खेप घेऊन तो स्वतःच आला. ट्रे ठेवला आणि म्हणाला, "भाऊ म्हणून बघू नको हां."

मी तसं बघितलं नाही. पहिल्याच नळीच्या तोंडाशी गेजचं नको असलेलं टोक आत गेलं. थोडंसंच, पण गेलं. मी हात पुसले, गेज पुसलं, परत लावलं. परत गेलं. दुसरी नळी घेतली, तिसरी घेतली. सगळ्यांचं तेच, तोंडाशी ढिल्या. एक पिस्तुलावर चढवून शिकंज्यात धरली आणि छर्रे मारले. एकावर एक बसून एकच भोक पडायला हवं होतं. कार्डाची चाळण झाली.

"माझ्याकडं बरोबर व्हत्या गं," दादा म्हणाला.

"माझ्याकडं नाहीत."

"तू ढकललंस."

सगळ्या शेडसमोर तो मला हे बोलला. मला शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. मी गेज त्याच्या हातात दिलं. त्यानं बोटांच्या चिमटीत धरून ते नळीच्या तोंडावर नुसतं टेकवलं. ते शिरलं. त्याचं तोंड मला अजून दिसतं.

आमच्याकडं एक रीत आहे. बाद नळी बाहेर जाता कामा नये, म्हणून ती कापून भंगारात टाकायची. ज्याची नळी त्यानं कापायची आणि तपासणाऱ्यानं शेवटपर्यंत समोर उभं राहायचं. दादानं एकेक नळी करवतीच्या मशीनला लावली. मी उभी होते. मध्येच त्यानं वर बघितलं. मला वाटलं काहीतरी म्हणेल, पण त्यानं पुढची नळी उचलली. संध्याकाळी बाईकवरून आम्ही परत निघालो. कर्जतपर्यंत त्यानं एकदाही मान वळवली नाही, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की यानं मागं बघावं.

नेमबाजीच्या एका क्लबला पिस्तुलं द्यायची होती. वेळ नव्हता. मालकांनी नळ्या बाहेरून मागवल्या आणि मशीनवर ताडपत्री टाकली. दादानं घाई केली, नीट मोजलंच नाही, असं सगळे बोलायला लागले. त्याला पॅकिंगला बसवलं. खोकी चिकटवत तो काही दिवस राहिला आणि मग कळंबलाच एका रिसॉर्टमध्ये पोहण्याच्या टाकीचे पंप सांभाळायला लागला. भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा, माझ्या मुलांचे लाड करायचा. कारखान्याचं नाव मात्र काढत नव्हता. मीही काढलं नाही.

यंदा मालकांनी परत मनावर घेतलं. नवा इंजिनिअर आला, ताडपत्री निघाली. त्यानं सळया मागवतानाच बजावलं की आधी भट्टीत तापवून सावकाश थंड केलेल्याच पाहिजेत. मी कारण विचारलं. तो म्हणाला, सळई ओढून तयार करतात तेव्हा पोलादात ताण राहतो. तसाच राहिला, तर आतून मोजताना नळी बरोबर असते. बाहेरून बारीक केली की ताण सुटतो आणि तोंड फाकतं.

मी खुर्चीत बसले. म्हणजे त्याच्याकडं बरोबर होत्या. माझ्याकडं नव्हत्या. दोघंही खरं बोलत होतो आणि आमच्यापैकी कुणालाच ते कळलं नव्हतं.

दादाच्याच खुणांवर मशीन लावून नव्या नळ्या निघाल्या. मी पाहिजे तेवढ्या वेळा गेज लावलं. नको असलेलं टोक तोंडावरच थांबलं. इंजिनिअर म्हणाला, "जुन्यातली एखादी आहे का? पोलाद तपासलं असतं तर त्या माणसावरचा बोल गेला असता." मी नाही म्हटलं, कापलेले तुकडेसुद्धा कधीच भंगारवाल्याकडं गेले होते.

सुट्टीच्या दिवशी कळंबला गेले. रिसॉर्टच्या मागच्या बाजूला फळीवर फुगे लावलेले असतात, पाहुण्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं फोडायला. ती बंदूकही आता दादाच सांभाळतो. एका लहान मुलीला तो शिकवत होता, "ही डावीकडं मारते. तू जरा उजवीकडं धर." फुगा फुटला आणि ती नाचत पळाली.

मी त्याला सगळं सांगितलं. भट्टी, ताण, फाकलेलं तोंड. नव्या नळीचं कार्ड आणलं होतं, ते दिलं. त्यानं त्या एकाच भोकावरून अंगठा फिरवला.

"माझ्याच खुणांवर?"

"तुझ्याच."

"मग मालक मानतील का, की माझी चूक नव्हती?"

"जुन्यातली एक नळी असती तर मानलं असतं. आता नुसतं माझं बोलणं. बहीण म्हणून बोलते म्हणतील." मला रडू आलं. "एक तरी लपवायची होतीस रं दादा!"

त्यानं फुग्यांकडं बघितलं. "एक खिशात घालणार व्हतो," तो म्हणाला. "कापता कापता. पण तू समोर व्हतीस. तू सोडली असतीस का?"

मला हो म्हणायचं होतं. माझ्या सख्ख्या भावाला, त्या रिकाम्या दुपारी, एवढं एक खोटं सांगायला काय जात होतं?

"नसती सोडली," मी म्हणाले.

"ठावं हाय मला," दादा म्हणाला. "मीच शिकवलंय ना तुला." आणि कार्ड मला परत देऊन तो फुटलेल्या फुग्याच्या जागी नवा फुगा लावायला गेला.