तीन मिलिमीटर टायर

किशोर गेला तेव्हा आमची गाडी तिसऱ्या नंबरवर होती.

व्हिडिओ गेममधली गाडी. त्याच्या हॉलमधल्या टीव्हीवर, रविवारपासून पॉज करून ठेवलेली.

मला ऑफिसातून फोन आला म्हणून शर्यत अर्धी राहिली. किशोर म्हणाला, "जा तू. ऱ्हाऊ दे तशीच. पुढच्या रविवारी संपवू."

गुरुवारी दुपारी तो जेवून आडवा झाला. उठला नाही.

आज तेरावं झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. किशोर आमच्या पेपरात पानं लावायचा. मी बातमी लिहायचो, तो ती बसवायचा. लांबली की खालून कापायचा आणि वर मलाच ऐकवायचा, "तुझं शेवटचं वाक्य कायम जादा असतंय."

त्याच्या निधनाची बातमी मीच लिहिली. वेळेत दिली. कुणाला कापावी लागली नाही.

रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

तर तो गेम.

स्क्रीनच्या कोपऱ्यात चार टायरची चित्रं असतात. गाडी पळेल तसा टायरमधला पांढरा रंग वरून खाली उतरत जातो. किती उरला, याचा आकडा गेम देत नाही. अंदाज आपला आपण घ्यायचा.

किशोरला अंदाज चालत नसे. जाहिराती मोजायची पारदर्शक पट्टी घेऊन तो टीव्हीला चिकटून उभा राहायचा. मी गाडी चालवायचो, तो मोजायचा.

"सहा हाय. पळीव."

"तीनच्या खाली आलं. आत घे, टायर बदल."

"अरे, एकच राउंड राहिलाय!"

"मग काय झालं? आधी गाडी आणायची, मग नंबर."

मी आत घ्यायचो नाही. पुढच्या वळणावर गाडी घसरून भिंतीत. किशोर पट्टी खिशात टाकत म्हणायचा, "आलास भिंतीला जाहिरात लावून?"

ती लांब शर्यत आम्ही एकदाही पूर्ण केली नव्हती. ही एक तरी पूर्ण करायचीच, असं त्याचं चाललं होतं.

आज जेवणं उरकली, पावणे गेले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तेवढं ते बघता का?"

टीव्ही चालूच होता.

"दोनदा लाइट गेली. इन्व्हर्टरवर लावून ठेवलाय. कोडोलीचे मामा म्हणाले, घरात माणूस गेलाय आणि टीव्ही कसला चालू ठेवलाय, बंद करा की. मी म्हटलं, मामा, हात लावायचा न्हाय. ह्यांची गाडी हाय आत."

मी कंट्रोलर हातात घेतला. वहिनींनी पट्टी घेतली.

"कुठं धरू?"

"डावीकडच्या पुढच्या चाकावर. पांढरं किती उरलंय तेवढंच सांगा."

"पाच."

मी चालवत राहिलो. डोकं रिकामं होतं, हात आपले चालत होते.

"चार... साडेतीन असंल."

शेवटचा राउंड. दुसऱ्या नंबरची गाडी अगदी समोर.

"तीनच्या खाली गेलं वो, भावजी."

मी गाडी आत घेतली.

टायर बदलेपर्यंत बाकीच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. मी बघत बसलो. मग बाहेर पडलो, सावकाश राउंड मारला आणि रेषा ओलांडली.

"जिंकला काय?"

"न्हाय, वहिनी. नववा आलो. पण आली गाडी."

त्यांनी मान हलवली. पट्टी पदरानं पुसून टीव्हीशेजारी ठेवली. मग स्वतःच्या हातानं टीव्ही बंद केला.

इथं खाली श्रद्धांजलीची ओळ लिहिली होती. खोडली. तू ती कापलीच असतीस.

गाडी आणली, किशोर.

जा तू.