दम खाणारी कॅरॅव्हॅन

जमालुद्दीन मुकादमचा विजेवर काडीचा विश्वास नव्हता, आणि पोट मात्र विजेवरच होतं. बहरीनमधल्या सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, दुरुस्त होतात. तिथे तो बावीस वर्षं वायरिंग करत होता. इतरांच्या खिशात पेन असतं, याच्या खिशात व्होल्टेजचा मीटर असे. जुफैरला इंजिनिअर दत्तप्रसादांनी एकदा जेवायला बोलावलं, तर यजमानांना नमस्कार करायच्या आधी याने दाराजवळचं सॉकेट तपासलं. "दोनशे छत्तीस," असं समाधानाने सांगितलं आणि मगच चपला काढल्या. लोक हसत. पण राजापूरजवळच्या त्याच्या गावात एकदा व्होल्टेज असं चढलं, की घरचा नवा कोरा फ्रिज, तीन पंखे आणि मशिदीचा भोंगा एका दमात गेले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा सॉकेट फुंकून बघायचा, एवढंच.

हिवाळा आला की बहरीनचे लोक घरातला सोफा, फ्रिज आणि पाहुणे घेऊन साखीरच्या वाळवंटात राहायला जातात. घरी सगळं असताना तेच सगळं वाळूत नेऊन मांडायचं, याला हौस म्हणतात, आणि हौसेला मोल नसतं. वर्कशॉपचा मालक बू राशिद, ज्याला सगळे अरबाब म्हणत, त्याची कॅरॅव्हॅन चाळीस फुटी होती. दोन एसी, कॉफीचं मशीन आणि कपाटाच्या दाराएवढा टीव्ही. वीज मात्र एका ठेकेदाराच्या जनरेटरची, अकरा कॅम्पांना मिळून एकच. दुपारी ती अडीचशेवर जाई, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या किटल्या लागल्या की एकशे सत्तरवर येई.

जमालुद्दीनने कॅरॅव्हॅनच्या तोंडाशी एक डबा बसवला. वीज बिघडली की डबा ती तोडणार, सुधारली की तीन मिनिटं थांबून जोडणार. काम चोख होतं.

याच मोसमात गावी त्याच्या एकुलत्या एका लेकीचा, मेहरीनचा निकाह ठरला. रमजानच्या आधीच व्हायला हवा होता. अरबाबने दाढी कुरवाळत अट घातली, "सात दिन मेहमान का सामने मेरा इज्जत रहेगा, तो छुट्टी सही करेगा."

पहिल्याच संध्याकाळी मजलिस भरली, गहवा, म्हणजे अरबी कॉफी, फिरू लागला, अकरा किटल्या लागल्या आणि कॅरॅव्हॅनमध्ये अंधार झाला.

"जमाल!" अरबाब ओरडला. "बाजू में बू सलमान, डिब्बा नहीं, लाइट फुल. मेरे पास डिब्बा है, लाइट मफी! ये कैसा डिब्बा? निकालो!"

 डबा काढला तर एसी जळणार, ठेवला तर रजा बुडणार. घाबरलेला माणूस काय बोलेल याचा नेम नसतो.

"अरबाब, गाडी दम खाती है," तो म्हणाला. "ऊंची गाडी है. अच्छा ऊंट भी थोडा रुकता है, फिर चलता है."

 मग एक म्हातारा पाहुणा म्हणाला, की खरं आहे, हलका उंट कोसळेपर्यंत चालतो, खानदानी उंटच थांबतो. तेवढ्यात तीन मिनिटं भरली आणि दिवे लखकन लागले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

झालं. दुसऱ्या दिवसापासून दम खाणारी कॅरॅव्हॅन बघायला माणसं येऊ लागली. बू सलमान तर जळून खाक झाला. आपली गाडी दम का खात नाही म्हणून त्याने ड्रायव्हरला फैलावर घेतलं. अरबाब मिशीतल्या मिशीत हसे.

सातव्या दिवशी अरबाबचे व्याही यायचे होते, आणि त्याच दिवशी ठेकेदाराने जनरेटर दुरुस्त केला. मीटर दोनशे तीसवर ठाण मांडून बसला. व्याही गहव्याचे चार-चार पेले रिचवून कॅरॅव्हॅनकडे बघत राहिले.

"आज दम क्यूं नहीं खाती?" अरबाबने दातओठ खात विचारलं. "नहीं खाएगी, तो छुट्टी खलास."

बटण दाबून अंधार करणं एका बोटाचं काम होतं. पण ते जमालुद्दीनला पटेना. उंटाचं खोटं चालतं, व्होल्टेजचं चालत नाही, असा त्याचा धर्म. म्हणून ज्याने बावीस वर्षं चांगल्या विजेसाठी दुआ मागितली, तो माणूस दहा कॅम्पांत वाईट वीज मागत फिरला. "जरा किटली लगाओ, एसी लगाओ, इस्त्री भी लगाओ." दारी आलेल्याला नाही म्हणायची तिथे रीत नाही. कारण न विचारता सगळ्यांनी सगळं लावलं. जनरेटर रडकुंडीला आला, कॅरॅव्हॅनने दम खाल्ला आणि व्याही धन्य झाले. तीन मिनिटांनी तिचे दिवे लागले, पण बू सलमानचा फ्रिज आणि आणखी चार कॅम्पांचे एसी लागले नाहीत ते नाहीतच.

सकाळी दहाही कॅम्पांना डबा हवा होता.

"छुट्टी?" जमालुद्दीनने विचारलं.

"पहले डिब्बा," अरबाब प्रेमाने म्हणाला. "निकाह मेरा बडा टीवी पे देखो. तुम्हारा लडकी, मेरा लडकी."

बायकोला, अख्तरुन्निसाला, हे त्याने फोनवर सांगितलं.  ती म्हणाली, "पोरीचा निकाह एकदाच होतो. तुमचे डबे दरसाल हायत." तिने फोन ठेवला. जमालुद्दीन पायरीवर बसून रडला. डबे कुणासाठी शोधून काढले नि कुणाच्या आड आले, हे त्याला कळेना.

निकाहच्या दिवशी अकरा वाजता सगळे कॅम्प कॅरॅव्हॅनमध्ये लोटले. वधूपित्याचा मान म्हणून बखूरचा धूप फिरला, बू सलमानने बकरा शिजायला चढवला, प्रत्येक कॅम्पने विजेची चूल, किटली, जे असेल ते लावलं. टीव्हीवर हिरव्या ओढणीतली मेहरीन दिसत होती. जमालुद्दीनचा भाऊ शब्बीर निकाहचा वकील, म्हणजे मुलीचा प्रतिनिधी, म्हणून साक्षीदारांना घेऊन तिच्यासमोर बसला. त्यांच्याकडे मुलीला तीनदा विचारायची रीत. शब्बीरने पहिल्यांदा विचारलं. मेहरीनने मान खाली घातली.

आणि पडदा काळा झाला.

"माशाल्ला," पाहुणे म्हणाले, "दम खाती है!"

तीन मिनिटं! तोवर तिकडे सगळं आटोपणार होतं. जमालुद्दीन गर्दीतून वाट काढत बाहेर धावला, मीटरकडे न बघता त्याने केबल डब्यातून उपसली आणि थेट कॅरॅव्हॅनला जोडली. आधी एसी बंद करावा, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा सुचलं नाही. टीव्ही लागला. इंटरनेटचे दिवे लागायला मिनिट गेलं. त्या मिनिटात त्याने जितके कलमे येत होते तितके म्हटले.

"तिसऱ्यांदा विचारतंय, बाय," शब्बीरचा आवाज आला. "कबूल हाय?"

"कबूल," मेहरीन म्हणाली, आणि तिने मान वर करून थेट पडद्यात बघितलं. "अब्बा, आयकलात?"

"आयकला गो, आयकला!" जमालुद्दीन ओरडला. त्याचे डोळे वाहत होते. वर एसीने दोन आचके दिले आणि जाळीतून निळसर धूर उतरू लागला. बखूर समजून बू सलमानने डोक्यावरच्या रुमालाचं टोक पुढे धरलं, धूर आत घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, "अल्ला! ऊंचा माल है." अरबाबनेही रुमाल पुढे केला. जमालुद्दीनने दोघांनाही काही सांगितलं नाही. तो लेकीकडे बघत राहिला.