वर बघ

“मूठ आवळा, काका,” ती म्हणायची, आणि मी आवळायचो. सुई कधी आत गेली ते कळायचं नाही. “आता सोडा.” सोडेपर्यंत कापूस दाबून ती पुढच्या घराकडे निघालेली असायची. एका लॅबमध्ये नोकरीला होती. आमच्या पेठेतल्या सगळ्या मधुमेह्यांचं रक्त सकाळी घरोघर जाऊन तीच न्यायची. इतका हलका हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. तुम्हीही अशी एखादी पोरगी पाहिली असेल, जिच्याकडे बघून वाटतं की हिच्या हातून मुंगीसुद्धा मरायची नाही.

एके दिवशी तिनं माझ्याच स्टुडिओत माइकचा स्टँड भिंतीवर फेकून मारला.

स्टुडिओ म्हणजे यंत्रमागाच्या शेडला लागून असलेली एक खोली. आवाज अडावा म्हणून भिंतींवर चादरी ठोकल्या आहेत, तरी शेजारचे माग चालू असले की काही करता येत नाही. म्हणून रेकॉर्डिंग त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. मी भजनं करतो, आरत्या करतो, रिक्षावरून फिरणाऱ्या साड्यांच्या सेलच्या जाहिराती करतो. ती तीन पोरांना घेऊन आली आणि म्हणाली, “आमच्या बँडचा नवा अल्बम करायचाय.” मला वाटलं, भावगीतं असतील.

“इमो पॉप-पंक,” ती म्हणाली.

“म्हणजे काय गं?”

“लई रडू येतंय, पण रडायचं न्हाय, हाणायचं. तसलं गाणं.”

हाणायचं म्हणजे खरंच हाणायचं. ड्रमवाल्यानं सुरुवात केली की चादरींतली धूळ उडायची. नळावर भांडायला निघालेल्या बायका काढतात तसे ती आधी कानातले काढून माझ्या टेबलावर ठेवायची आणि मग माइकवर तुटून पडायची. चाल सोपी, गोड, एकदा ऐकून गुणगुणता येईल अशी, आणि त्या चालीवर ही बया किंचाळायची. एकदा माइकच्या जाळीवर दात आपटून ओठ फाटला. रक्त हनुवटीवर आलं तरी थांबली नाही. लोकांचं रक्त एक थेंब न सांडता काढणारी ही, स्वतःचं मात्र माझ्या सतरंजीवर सांडून गेली. तो डाग काही निघाला नाही.

गाणाऱ्याचा श्वास, खाकरणं, फाटलेला सूर पुसून टाकायची मला सवय. भजनात ते चालत नाही. तिच्या गाण्यात तसलं काही करायला गेलो की गुरगुरायची, “हात लावू नका, काका. हाय तसं राहू द्या की.”

स्टँड फेकला तो ‘वर बघ’ गाण्याच्या दिवशी. गाण्याचे शब्द असे: चहा गार हाय. कुणी सांगितलं बोलायला? वर बघ. वर बघ म्हणतो ना. पुढे हेच ‘वर बघ’ पुन्हा पुन्हा. ड्रमवाला हसला. म्हणाला, “ह्यात कविता कुटंय?” स्टँड त्याच्या कानाजवळून गेला आणि भिंतीचा पोपडा घेऊन खाली पडला.

मी भडकलो. स्टँड माझा, भिंत माझी. “तो काय खोटं बोलला?” मी म्हणालो. “हे शब्द आहेत का तुझे? ना यमक, ना काही!”

“माझे न्हाईतच,” ती म्हणाली. “दाजींचे हायत.”

मग तिनं सांगितलं. तिची थोरली बहीण, अक्का, मोडनिंबला दिलेली. दाजींचं तिथं खताचं दुकान. बोलायला माणूस लोण्यासारखा. घरात बायकोला मारायचा. मारण्याआधी मान वर करायला लावायचा, नेम चुकू नये म्हणून. शेवटची कानावर बसली. डाव्या कानाचा पडदा फाटला, उजव्यानंही कमीच ऐकू येऊ लागलं. तेव्हापासून अक्का माहेरी होती. आता दोन्हीकडची वडीलमंडळी बैठक बसवून तिला परत नांदायला धाडणार होती. वडील, म्हणजे अप्पा, त्याला तयार झाले होते.

“बैठकीत तुला बोलू देतील?”

“बायकांना कुटं बोलू देत्यात? तुमी फक्त मोठा स्पीकर घेऊन या.”

नेऊ नये असं वाटत होतं, तरी नेला.

तिच्या घरी पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसली होती, बायका आत स्वयंपाकघरात. अक्काही आतच. तिची भरलेली बॅग दाराशी ठेवलेली. निम्मं बोलणं कानडीत, निम्मं मराठीत चाललं होतं. दाजींनी सगळ्यांसमोर हात जोडले. “चूक झाली. पुन्हा न्हाय व्हायची.” म्हातारे खूश झाले. ही चहा घेऊन आली, कप वाटले आणि म्हणाली, “माझ्या नव्या अल्बममधलं एक गाणं लावती.” पोरीची हौस म्हणून कुणी अडवलं नाही.

पहिल्याच ओळीला म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. एक जण म्हणाला, “एखादं भजन लाव की, बाळ.” दाजींच्या हातातली बशी मात्र मध्येच थांबली होती. पाहुण्यांत त्या शब्दांची ओळख त्यांना एकट्यालाच होती.

“बंद कर,” ते म्हणाले. ती हलली नाही. त्यांनी उठून वायर उपसली. ती मान खाली घालून त्यांच्यासमोर उभी होती. दाजी नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, “वर बघ.”

ती बघेना.

“वर बघ म्हणतो ना.”

तिनं वर बघितलं. त्यांनी पाण्याचा पितळी तांब्या उचलून तिच्या तोंडावर हाणला. जबडा मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा मी आणि तिच्या मामानं त्यांना खाली पाडलं. मी साखरेचा म्हातारा माणूस, पण मीही दोन ठेवून दिल्या, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

ती ओंजळभर रक्त थुंकली. सगळ्यांनी आधी गाणं ऐकलं होतं आणि लगेच माणूस ऐकला होता. अप्पा उठले, दाराशी गेले, अक्काची बॅग उचलून आत नेऊन ठेवली.

पोलिसांत तक्रार झाली. साक्षीदारांत माझं नाव आहे, आणि मी जाणार आहे.

तिचा जबडा तारेनं बांधला होता. तारा निघाल्या तरी तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. अल्बममधलं एक गाणं राहिलं होतं, त्यासाठी ती आली. माइकसमोर उभी राहिली, दोनदा प्रयत्न केला. मग कपाळ भिंतीवर आपटलं. चादर होती म्हणून फुटलं नाही. मला तिचा राग येतो. मान फिरवता आली असती तिला! हे मी तिला बोललो नाही, आणि ती पुन्हा गायला आली नाही. पोरांनी अल्बम तसाच, एक गाणं कमी ठेवून बाहेर काढला. पुण्याची पोरं फोनवर ऐकतात म्हणे.

परवा अक्का एकटीच स्टुडिओत आली. म्हणाली, “ते गाणं ऐकायचंय.” बैठकीच्या दिवशी आत बसून तिला त्यातले शब्द ऐकू आले नव्हते. मी लावलं. ‘वर बघ’ आलं तशी ती दचकेल, या भीतीनं मी आवाज कमी केला. ती उठली आणि उजवा कान स्पीकरला टेकवून उभी राहिली.

“कमी का केलंत, काका?” ती म्हणाली. “घरात ती तोंडातल्या तोंडात बोलती, मला काय ऐकू येत न्हाय. हितं येतंय. वाढवा की.”

मी आवाज पूर्ण वाढवला.