राणी नोव्हायला, प्रतिनिधी किचनमध्ये

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आमच्या अपार्टमेंटचं लीज एका ताईच्या नावावर होतं. ती नोकरी लागून लांबच्या नोव्हाय शहरात गेली आणि जाताना मला म्हणाली, "इथे कोण राहणार, कोण जाणार, हे तुझ्या होशिवाय व्हायचं नाही. तू माझ्या जागी." मी इतकी खूश की लॅबमध्ये सगळ्यांना सांगून मोकळी. आमच्या लॅबमधला ऑस्ट्रेलियन म्हणाला, "म्हणजे तू गव्हर्नर."

मला वाटलं, वा, सत्ता. इथला स्टेटचा गव्हर्नर निवडून येतो, खरंच राज्य चालवतो. तर तो म्हणाला, तसला नाही, आमच्याकडचा. त्यांच्या प्रत्येक राज्यात राणीचा एक गव्हर्नर असतो. तेव्हा राणीच होती, ती लांब इंग्लंडात. कारभार मुख्यमंत्र्याचा. गव्हर्नर मोठ्या बंगल्यात राहतो, झाडं लावतो, फुलांच्या प्रदर्शनाची रिबन कापतो आणि पुढ्यात येईल त्यावर सही करतो. हक्क तीन. त्याला विचारायला हवं, त्याने धीर द्यायचा, आणि सावध करायचं.

"आणि सावध करून ऐकलं नाही तर?"

"तर सही करायची."

बंगला सोडला तर सेम टू सेम मी. घरात आम्ही तिघी, त्यात मुख्यमंत्री पुण्याची. भांड्यांच्या पाळ्या, थर्मोस्टॅट, फ्रीजमधले कप्पे, सगळं खातं तिच्याकडे. तिसरी मुंबईची, ती कायम सरकारच्या बाजूने, कारण विरोध करायला आधी अंथरुणातून उठावं लागतं. मी निष्पक्ष, म्हणून मला मत नाही आणि भांडीही नाहीत. नवा व्हॅक्यूम क्लीनर आला तेव्हा पहिलं बटण मात्र माझ्या हस्ते. टाळ्या वाजल्या, मी मानेने स्वीकारल्या.

मग नागपूरची आली. नवीन मुलीने जागा मिळेपर्यंत हॉलमध्ये गादी टाकायची, हे तर सगळीकडेच चालतं. पण क्लासेस सुरू झाले तरी हिला जागा मिळेना. जी मिळत होती तिथे कॅम्पसची बस जात नव्हती आणि गाडी चालवायला हिला येत नव्हती. तेवढ्यात मुख्यमंत्र्यांची एक मैत्रीण राहायला यायची ठरली.

"हिला शनिवारी जायला सांगू," पुणे म्हणालं. "तू फक्त हो म्हण."

नागपूरवाली हॉलमध्येच होती. तिने एकच चादर तीनदा घडी केली.

"मी तुला सावध करते," मी म्हणाले.

"कर ना. झालं करून? आता हो म्हण."

मी उद्या सांगते म्हणाले आणि लॅबमध्ये गेले. ऑस्ट्रेलियन म्हणाला, "मुख्यमंत्र्याकडे बहुमत आहे का, एवढं गव्हर्नर बघू शकतो." मी घरी येऊन थेट मुंबईला हलवलं.

"नागपूरवालीला काढतायत. तुझा पाठिंबा आहे?"

ती उठून बसली, दुपारी, स्वतःहून. "वेड लागलंय का यार? मला आठच्या बसला रोज कोण उठवतं? ती गेली की माझी सकाळची लॅब गेली, प्रोफेसर आधीच वैतागलाय."

सरकार पडलं. पुण्याने नोव्हायला फोन लावला, स्पीकरवर. राणी कुठल्या तरी दुकानात रांगेत होती.

"माझी प्रतिनिधी आहे ना तिथे? मग मला कशाला विचारतेस? बरं, थंडी पडली का तिकडे?"

राणीला राज्यातलं फक्त हवामान हवं असतं. मी नाही म्हणाले. थंडीला नाही, शनिवारला. मैत्रीण दुसरीकडे राहिली, नागपूरची गादी मुंबईच्या खोलीत गेली, तिला मताचा हक्क मिळाला आणि मुंबईच्या पाठिंब्याने आठवड्यात तीच मुख्यमंत्री झाली. मी शपथविधीला शिरा केला.

तिचा पहिला निर्णय, भांड्यांची पाळी आता चौघींत. प्रतिनिधीसकट.

"मी तुला सावध करते," मी म्हणाले.

"करा नं ताई," तिने घासणी माझ्या हातात ठेवली. "घासता घासता करा."

मी हो म्हणाले.