कावळ्यापुढचं वचन

आईच्या दहाव्याची यादी मीच केली होती आणि सगळं सामान वेळेवर आलं. घाटावर पिंडाच्या ऊन भाताचा वास आला, तेव्हा मला वडिलांचा दहावा आठवला.

त्या वेळी मी घोडेगावला कॉलेजात होते आणि कर्मकांडाविरुद्ध भाषणं करायची. कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. एकेक नातेवाईक हात जोडून वडिलांना वचन देत होता. चुलते म्हणाले, "तू बी म्हन की पोरी, आईला अंतर देनार न्हाई."

"कावळ्याला काय कळतंय, नाना?"

"लई शिकली राव!" मागून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मी ते वाक्य म्हटलंच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

घरी जाताना आई एवढंच म्हणाली, "त्याला नसंल कळत. मी व्हते की तिथं."

कावळ्याबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण तेव्हा वाक्य खरं की खोटं, एवढंच मी बघायची. ते कोणाला ऐकायचं असतं, हे आता बघते.

आज मी हात जोडून तयार उभी होते. पिंड ठेवताच कावळा शिवला. मला काही बोलावंच लागलं नाही.