डोक्यावर चार बोटं

सीताराम ओव्हाळ सहा फूट दोन इंच उंच होते आणि बसमध्ये कंडक्टर होते. या दोन गोष्टी एकाच माणसाला देऊ नयेत. कात्रज ते शिवाजीनगर आणि शिवाजीनगर ते कात्रज, सगळी नोकरी त्यांनी मान खाली घालून केली. लोक म्हणायचे, ओव्हाळ फार नम्र. नम्रतेचा काही संबंध नव्हता. वर दांडा होता.

घरीही तेच. पर्वतीच्या पायथ्याच्या खोलीचं दार त्यांच्या कानापर्यंत यायचं आणि आत गेलं की पत्रा. त्यामुळे निवृत्तीनंतर कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा त्यांनी एकच अट घातली.

"टाइल्स कुठल्या, रंग कुठला, ते तुम्ही बघा. फक्त या घरात मला वाकायला लागता कामा नये."

त्यांच्या बायकोची, नंदाताईंची, मागणीही एकच होती: झुंबर. त्या महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. फार वर्षांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंच्या आईला इंजेक्शन द्यायला बंगल्यावर जायच्या, तिथे त्यांनी ते पाहिलं होतं. पेशंटचं नाव आता आठवत नव्हतं, झुंबराचे लोलक आठवत होते.

केवढं घ्यायचं, यावर आठवडा गेला. खराडीच्या ऑफिसातून मुलीचा, पायलचा, फोन आला. "आई, सिंपल आहे. हॉलची लांबी अधिक रुंदी, जेवढे फूट येतील तेवढे इंच झुंबर."

"फुटाचे इंच कसे होतात?"

"होतात गं. इंटरनेटवर आहे."

नंदाताईंचा इंटरनेटपेक्षा डोळ्यांवर विश्वास. त्यांनी छताच्या हुकाला आधी सीतारामांची छत्री उघडून टांगली. हॉल बसस्टॉपसारखा दिसू लागला. मग पुरणाची चाळण टांगली. ती कोणी विसरून गेल्यासारखी वाटली. शेवटी कणकेची परात सुतळीने बांधून वर चढवली आणि दोघं सोफ्यावर बसून तिच्याकडे बघत राहिली. परात शोभली. पायलच्या हिशेबाशीही ती जुळत होती, पण हे पायलला कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी परात पिशवीत घालून नंदाताई दुकानात गेल्या आणि एकेका झुंबराखाली धरून बघू लागल्या. दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "काकू, अजून थेंबही पडलेला नाही. इतक्यात भांडं लावू नका."

परातीएवढं झुंबर मिळालं. बांधून देताना तो म्हणाला, "खाली सात फूट मोकळे सोडा."

सात फूट सोडले तर झुंबर छताला चिकटणार आणि दारातून दिसणार कुणाला? नंदाताईंनी स्वतःचा नियम काढला: घरातल्या सगळ्यांत उंच माणसाच्या डोक्यावर चार बोटं. त्यांनी सीतारामांना दवाखान्यातल्यासारखं भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि पट्टी आणली. पट्टी डोक्याला टेकायच्या आतच सीतारामांची मान सवयीने खाली गेली.

"पाच दहा," नंदाताई म्हणाल्या.

"नोकरीला लागताना सहा दोन होतो."

"वय झालं की माणूस आटतो. मी रोज बघितलंय."

वैद्यकीय मत पडल्यावर कंडक्टर काय बोलणार. चार इंच कोणी आटत नाही, हे दवाखान्यात नंदाताईंच्या चटकन लक्षात आलं असतं. पण दवाखान्यात झुंबर लावायचं नव्हतं.

पाच दहावर चार बोटं सोडून झुंबर लागलं. खाली टीपॉय होता, त्यामुळे तिथून कोणी जायचं नाही आणि काही बिघडलंही नाही. गृहप्रवेशाच्या दिवशी बुद्धवंदनेसाठी टीपॉय आत गेला, सतरंजी अंथरली, पाहुणे बसले. वंदना संपली. भंतेजींना निरोप द्यायला सगळे उठले. सीतारामांनी हात जोडले आणि आपल्या स्वतःच्या घरात, मन भरून, ते सरळ उभे राहिले.

सगळे लोलक एकदम वाजले. सीतारामांनी खांदे आवळून मान खाली घातली आणि झुंबराला "सॉरी" म्हणाले. भंतेजी मंद हसले. नंदाताईंचे थोरले भाऊ दत्तोबा म्हणाले, "दाजी, तिथून जाताना जरा वाकायचं. तुम्हाला काय, सवयच आहे."

"हो, सवय आहे," सीताराम म्हणाले.

पाहुण्यांना जेवण वाढताना नंदाताईंनी दत्तोबांना खीर विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीताराम गच्चीवर टाकीच्या भिंतीला टेकून उन्हात उभे होते. वर आभाळाशिवाय काही नव्हतं. नंदाताई कपडे वाळत घालता घालता बघत होत्या. सीतारामांचं डोकं भिंतीवर कुठपर्यंत येतं, ते त्यांनी नजरेने धरून ठेवलं, आणि ते खाली गेल्यावर टेप लावला. सहा दोन. तसूभरही आटलेले नव्हते.

त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन येऊन साखळीच्या कड्या काढून गेला. झुंबर छताला जाऊन चिकटलं. दारातून त्याचा जेमतेम खालचा घेर दिसतो. शेजारच्या मंदाकिनीबाई म्हणाल्याच, "अहो, जरा खाली हवं होतं. उठून दिसलं असतं."

"आमच्याकडे माणूस उठून दिसतो," नंदाताई म्हणाल्या.

सीतारामांची मान मात्र अजून ऐकत नाही. झुंबराजवळ आले की ती आपोआप खाली जाते. मग स्वयंपाकघरातून कणीक मळता मळता नंदाताई त्यांचंच बसमधलं जुनं वाक्य त्यांना ऐकवतात. "चला, चला, सरळ पुढे चला. पुढे सगळं रिकामं आहे."