हळदीच्या तोंडावर ढिली झालेली मान

माझ्या इलेक्ट्रिक गिटारची मान ढिली झाली ती नेमकी बहिणीच्या हळदीच्या आठवड्यात. मान म्हणजे जिच्यावर तारा दाबतो ती लांब दांडी. चार स्क्रू तिला मागून धडाशी धरून ठेवतात. सूर लावून दोन ओळी वाजवल्या की ती हलायची आणि लावलेले सूर मातीत.

बहिणीनं माझ्याकडे एकच मागितलं होतं. हळदीला धवलारीण, म्हणजे आमच्याकडची लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी, गाईल तेव्हा तिच्यामागे मी वाजवायचं. महिनाभर त्या म्हातारीच्या पडवीत बसून मी चाली बसवल्या होत्या.

मी बोईसरच्या कारखान्यात फिटर. ढिलं दिसलं की आवळायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. मी आवळलं. परत आवळलं. शेवटी पाइपाचा बोल्ट असल्यासारखा अंगाचा जोर लावला, तर स्क्रू जागच्या जागी फिरायला लागले. लाकडातले आटेच गेले. पालघरच्या दुकानदारानं पंधरा दिवस सांगितले. बोईसरला सोफे करणारा सुतार म्हणाला, "गोंद से चिपका देता हूँ, ज़िंदगीभर नहीं हिलेगा." अरे, पण उद्या मान काढायची झाली तर काय करवत लावू? पाय आपटतच घरी आलो.

हळद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. बाबाची उभी हयात होडीवर गेलेली. त्यानं स्क्रूच्या भोकांवर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "लाकूड हाय ते. जोर लावून नाय धरत." होडीत खिळा धरेनासा झाला की तो करतो तेच त्यानं केलं. सुक्या बांबूच्या बारीक काड्या तासल्या, गोंदात बुडवून भोकांत ठोकल्या. "उद्या दुपारपर्यंत हात लावू नको."

मी दोन तास दम धरला. वरून कोरडं दिसत होतं. एकच स्क्रू बसवून बघू म्हटलं, आणि एकाचे चार कधी झाले कळलं नाही. काड्या ओल्या गोंदासकट पिळून बाहेर आल्या, भोकं आणखी मोठी झाली. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

बाबानं भोकं खरवडली. "सगली ओल हाय. सकाली भरतो. मंग परवा."

परवा म्हणजे हळद होऊन गेल्यावर. दुसरी गिटारही मिळेना. माकुणसारला ज्याच्याकडे होती तो ती घेऊन वाणगावला लग्नात वाजवायला गेलेला.

हळदीला म्हातारी नेहमीसारखीच गायली. तिला माझी गरज नव्हती, हे मला त्या दिवशी नीट कळलं. मी मांडवात रिकाम्या हातांनी बसलो होतो. बहीण पिवळ्या तोंडानं माझ्याकडे बघून म्हणाली, "असूंदे रं दादा." ती रागावली असती तर चाललं असतं.

लग्न लागलं, ती सासरी गेली. दुसऱ्या दिवशी मांडव सोडत होते तेव्हा बाबानं स्क्रू बसवले, दोन बोटांनी. मी आणखी तीन आटे दिले असते तिथे तो थांबला. मान धरून हलवून पाहिली. हलली नाही. मी सूर लावले, त्या म्हातारीची पहिली चाल पूर्ण वाजवली. एकही तार उतरली नाही.

'सांगितलं होतं ना,' असं बाबा एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर निदान भांडता आलं असतं. त्यानं उरलेल्या काड्या गोळा केल्या आणि विचारलं, "ही चाल पोरीला ऐकवायची व्हती ना?"